पास प्रवाशाचा, गाडी कंपनीची, जोखीम सरकारची: ब्रिटनमधल्या लोकलवर नजर कोण ठेवतं?

२०१६ च्या जुलैत लंडनच्या दक्षिणेकडे धावणाऱ्या ‘सदर्न’ या सेवेनं रोजच्या ३४१ गाड्या वेळापत्रकातूनच काढून टाकल्या. ब्रायटनहून नोकरीसाठी रोज लंडनला जाणाऱ्यांनी वर्षाच्या पासासाठी हजारो पौंड आधीच भरलेले होते. उरलेल्या गाड्याही धड येत नव्हत्या. लोकांचा सरकारला सरळ प्रश्न होता: या कंपनीचा ठेका काढून का घेत नाही?

सरकारनं तो काढला नाही. त्यामागे राजकारण होतं हे खरं, पण त्याहून मोठं कारण कंत्राटाच्या मजकुरात होतं. खासगी कंपनीला प्रवासी गाड्या चालवायला दिल्यावर सरकारच्या हातात नेमकं काय उरतं, हे समजायला ब्रिटनइतकं चांगलं उदाहरण नाही. तिथे पंचवीसेक वर्षं ही पद्धत चालली आणि तिचा जवळजवळ प्रत्येक सांधा कधी ना कधी निखळला.

आधी एक गैरसमज दूर करू. ब्रिटननं रेल्वे ‘विकली’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. १९९३ च्या रेल्वे कायद्यानं जुन्या ब्रिटिश रेलचे तुकडे केले. रूळ, सिग्नल आणि मोठी स्थानकं रेलट्रॅक या कंपनीकडे गेली. डबे आणि इंजिनं तीन भाडे-कंपन्यांकडे गेली. प्रवासी गाड्या चालवण्याचं काम २५ भागांत वाटून ठरावीक मुदतीच्या ठेक्यानं द्यायचं ठरलं, हीच फ्रँचायझी. म्हणजे ठेकेदार कंपनीच्या मालकीचे ना रूळ होते, ना बहुतेक डबे. तिच्याकडे होते मोटरमन, गार्ड, तिकीट खिडकीवरची माणसं आणि काही वर्षांपुरता हक्क. रूळ वापरायचं भाडं ती रेलट्रॅकला देई, डब्यांचं भाडं डबेवाल्यांना.

रेलट्रॅक फार टिकली नाही. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफील्डजवळ तडे गेलेला रूळ फुटून गाडी घसरली, चार जण गेले. देशभर वेगमर्यादा लागल्या, दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर गेला आणि वर्षभरात कंपनी बुडीत निघाली. २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेलकडे आले. ती आता सरकारी संस्था आहे. गाड्यांचे ठेके मात्र चालू राहिले.

ठेका दोन प्रकारचा

टोल नाक्याचा ठेका आठवा. एका प्रकारात ठेकेदार सरकारला ठरलेली रक्कम देतो आणि वसुली स्वतःकडे ठेवतो. वाहनं वाढली तर त्याचा फायदा, घटली तर त्याचं नुकसान. दुसऱ्या प्रकारात वसुली सरकारजमा होते आणि ठेकेदाराला कामाचे ठरलेले पैसे मिळतात. रेल्वेतही हेच दोन प्रकार आहेत, आणि देखरेख कशी जमेल हे बरंचसं यावरच ठरतं.

ब्रिटनचे बहुतेक ठेके पहिल्या प्रकारचे होते. तिकिटाचे पैसे कंपनीचे. फायद्याच्या मार्गावर कंपनी सरकारला वर्षागणिक रक्कम देणार, तोट्याच्या मार्गावर सरकार तिला अनुदान देणार. लिलावात जो जास्त देईल किंवा कमी मागेल त्याचं पारडं जड. इथेच पहिली खोट होती. दहा वर्षांनंतर किती प्रवासी असतील हे कोणालाच माहीत नसतं. मग जो सर्वांत आशावादी आकडा मांडतो तोच जिंकतो.

लंडन ते एडिंबरा या ईस्ट कोस्ट मार्गावर हे तीनदा घडलं. जीएनईआर या कंपनीनं २००५ मध्ये दहा वर्षांत १३० कोटी पौंड द्यायचं कबूल केलं आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हात टेकले. नॅशनल एक्सप्रेसनं २००७ मध्ये १४० कोटी कबूल केले. मंदी आली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मार्ग सरकारी कंपनीकडे आला. २०१५ मध्ये स्टेजकोच आणि व्हर्जिन यांच्या जोडीनं तब्बल ३३० कोटींची बोली लावली. जून २०१८ मध्ये तोही ठेका संपला, आणि आज तिथे एलएनईआर ही सरकारी कंपनी गाड्या चालवते.

आता हिशेब पाहा. नॅशनल एक्सप्रेसनं मधेच सोडून दिलं तेव्हा तिला सोसावे लागले ७ कोटी २० लाख पौंड: हमीची रक्कम आणि मालक असलेल्या मूळ कंपनीनं ठेक्यात घातलेलं कर्ज मिळून. समोर १४० कोटींचं वचन होतं. पळून जाण्याची किंमत वचनाच्या विसाव्या हिश्श्याएवढी असेल, तर तोट्यातला ठेका चालवत बसायला कोणतीही कंपनी तयार होणार नाही. म्हणून असं कंत्राट वाचताना पहिल्या पानावरची बोली नंतर वाचावी. आधी मूळ कंपनीनं किती पैसे अडकवले आहेत ते शोधावं.

यात भर म्हणून त्या काळच्या बऱ्याच ठेक्यांत एक सवलत होती. पहिली चार वर्षं सरली की उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी आल्यास तुटीचा मोठा हिस्सा, ८० टक्क्यांपर्यंत, सरकार भरून देणार. हेतू चांगला होता: मंदीत कंपनी बुडू नये. परिणाम असा की बोली लावताना सुरुवातीची वर्षं जपायची आणि वाढीचे मोठे आकडे नंतरच्या वर्षांवर टाकायचे. तूट आली तरी बरीचशी सरकारच भरणार होतं.

उशीर मोजतात कसा

कंत्राटात ‘गाड्या वेळेवर धावाव्यात’ असं लिहून भागत नाही. वेळेवर म्हणजे काय ते ठरवावं लागतं. बरीच वर्षं ब्रिटनमध्ये लोकल गाडी शेवटच्या स्थानकावर पाच मिनिटांच्या आत आणि लांब पल्ल्याची दहा मिनिटांच्या आत पोचली की ‘वेळेवर’ धरत. मधल्या स्थानकांवर किती उशीर झाला याला हिशेबात जागा नव्हती. त्यामुळे वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला दोन-चार मिनिटं जास्तीची ठेवली की आकडा आपोआप सुधारे. उशीर भरून काढण्यासाठी मधली स्थानकं गाळण्याचा मोहही त्यातूनच येतो. त्या स्थानकावरच्या माणसानं गाडी न थांबता जाताना नुसती बघायची. २०१९ पासून मधली स्थानकंही धरून एका मिनिटाच्या आतली वेळ मोजतात. प्रवाशाला फलाटावर जे दिसतं त्याच्या हे कितीतरी जवळ आहे.

दुसरी पळवाट याहून वाईट होती. आदल्या रात्री दहाच्या आत गाडी रद्द करून ती त्या दिवसाच्या वेळापत्रकातून काढली, तर ती ‘रद्द’ मोजलीच जात नसे. ही सोय वादळ, पूर अशा प्रसंगांसाठी होती. माणसं कमी पडू लागल्यावर कंपन्या ती रोजची रजा-आजारपणाची भोकं बुजवायला वापरू लागल्या. सकाळी फलाटावर गाडी नाही, आणि नोंदवहीत मात्र सगळं ठीक. २०२३ मध्ये ओआरआर या नियामक संस्थेनं अशा गाड्यांचे आकडे वेगळे जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा खरं चित्र बाहेर आलं.

ठेकेदाराची तपासणी दर चार आठवड्यांनी होई. रेल्वेच्या हिशेबात वर्षाचे असे १३ भाग. रद्द गाड्या, कंपनीमुळे झालेल्या उशिराची मिनिटं, आणि ठरल्यापेक्षा कमी डबे लावलेल्या गाड्या असे तीन आकडे परिवहन खात्यापुढे जात. प्रत्येकाला तीन पायऱ्या: पहिली ओलांडली की सुधारणेचा आराखडा द्यायचा, दुसरी म्हणजे कराराचा भंग, तिसरी म्हणजे ठेका काढून घेण्यापर्यंतचा अधिकार. गोम अशी की आकडा मागच्या वर्षभराच्या सरासरीचा धरत. एक भयंकर महिना बारा बऱ्या महिन्यांत विरघळून जाई.

आणि ‘कंपनीमुळे झालेला उशीर’ म्हणजे तरी काय? गाडीला तीन मिनिटं किंवा जास्त उशीर झाला की त्याचं कारण आणि जबाबदार कोण हे नोंदवावं लागतं. सिग्नल बिघडला तर नेटवर्क रेल. मोटरमन आला नाही तर कंपनी. पण सकाळी सात वाजता एका गाडीचं दार अडकलं, तिच्यामागे नऊ गाड्या खोळंबल्या, त्यातली एक दुसऱ्या कंपनीची, तिचा मोटरमन पुढची गाडी चुकला, तर साडेदहाच्या रद्द गाडीचा धनी कोण? दोन्ही बाजूंची पगारी माणसं दिवसभर हेच ठरवत बसतात. सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यात म्हटलं होतं की या कामात सुमारे ४०० जण गुंतलेले आहेत, आणि गाडीवर आपटलेला फेझंट पक्षी ‘लहान’ धरायचा की नाही यावरही वाद झाला होता. पक्ष्याच्या आकारावर जबाबदारी बदलते, म्हणून.

या नोंदींवर पैसे फिरतात. नेटवर्क रेलमुळे उशीर झाला तर ती कंपनीला भरपाई देते. पुढे प्रवासी नाराज होऊन कमी येतील त्या बुडालेल्या उत्पन्नाची ती भरपाई असते. प्रवाशाला मिळणारी भरपाई हा वेगळा हिशेब. प्रवाशानं अर्जच केला नाही तर त्याच्या वाट्याचं काही जात नाही, पण कंपनीच्या खात्यात वरची रक्कम येतेच. प्रवाशांनी अर्ज करणं म्हणूनच महत्त्वाचं.

सदर्नचा ठेका का काढला नाही

आता मूळ प्रश्नाकडे. सदर्न ही गोव्हिया थेम्सलिंक रेल्वे, म्हणजे जीटीआर, या कंपनीच्या ठेक्यात होती. सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झालेला हा ठेका देशातला सर्वांत मोठा: थेम्सलिंक, ग्रेट नॉर्दर्न, सदर्न आणि गॅटविक एक्सप्रेस एकत्र. तो दुसऱ्या प्रकारचा होता. तिकिटाचे पैसे थेट सरकारजमा आणि कंपनीला सात वर्षांत सुमारे ८९० कोटी पौंड. असं करण्याला कारण होतं. लंडन ब्रिज स्थानक मोडून बांधायचं काम चालू होतं, गाड्या विस्कळीत होणार हे नक्की होतं, आणि त्या काळात उत्पन्नाची जोखीम कोणतीच कंपनी रास्त भावात घेणार नव्हती.

याचा अर्थ गाडी रद्द झाली तर तिकिटाचं नुकसान सरकारचं. कंपनीला लागणारा चिमटा उरला फक्त कंत्राटातल्या दंडाचा. ठेका सुरू झाला तेव्हाच मोटरमन कमी होते, आणि मोटरमन काही जाहिरात देऊन महिन्यात मिळत नाही. प्रशिक्षणाला वर्षभराहून अधिक लागतं, आणि त्यानंतरही ज्या मार्गावर चालवायचं तिथले सिग्नल, चढ-उतार, वेगमर्यादा शिकून त्याची परीक्षा द्यावी लागते. माणसं कमी असल्यानं कामकाज सुट्टीच्या दिवशी जादा काम करणाऱ्यांच्या भरवशावर चाललं होतं. मग एप्रिल २०१६ पासून गार्डच्या कामावरून संप सुरू झाले. दारं बंद करण्याचं काम गार्डकडून मोटरमनकडे द्यायचं, हा तो वाद. आणि हा बदल सरकारलाच हवा होता.

कंपनीनं म्हटलं, संप आणि वाढलेली आजारपणं आमच्या हाताबाहेरची; ते दिवस दंडाच्या हिशेबातून वगळा. कंत्राटात तशी तरतूद होती. खात्यानं एकेक दावा तपासायचा होता, आणि त्यात महिन्यांमागून महिने गेले. तोवर कंपनी करारभंगात आहे की नाही हेच ठरेना. ठेका काढायला लागणारा पायाच तयार नव्हता. शेवटी जुलै २०१७ मध्ये १ कोटी ३४ लाख पौंडांवर तडजोड झाली. ब्रिटनच्या महालेखापरीक्षकांनी जानेवारी २०१८ मध्ये हा सगळा कारभार तपासून ठेवलेला ठपका कंपनीइतकाच खात्यावरही होता: मोटरमन पुरेसे आहेत का, हे ठेका देण्याआधी खात्यानं पाहायला हवं होतं.

समजा ठेका काढला असता तरी? १९९३ च्या कायद्याप्रमाणे ठेका संपला की गाड्या चालत्या ठेवण्याची जबाबदारी मंत्र्यावर येते. त्यासाठी सरकारची एक राखीव कंपनी तयार असते. ती आली तरी मोटरमन तेच, डबे तेच, रूळ तेच. बदलतात वरचे व्यवस्थापक आणि गणवेशावरचं बोधचिन्ह. पगाराच्या थकल्या वाटाघाटीही सरकारच्या अंगावर येतात. अधिकारी कचरत होते ते यामुळे. तरी ‘अशक्य होतं’ हे म्हणणं पटत नाही. साउथईस्टर्नकडून ऑक्टोबर २०२१ मध्ये ठेका काढला, कारण तिनं सरकारी देणं असलेले अडीच कोटी पौंड जाहीर केले नव्हते. पुढे मूळ कंपनीला २ कोटी ३५ लाखांचा दंडही झाला. पैशांची लबाडी कागदावर सिद्ध करता येते. वाईट सेवा सिद्ध करायला आधी शब्दांच्या व्याख्या पक्क्या असाव्या लागतात.

सगळ्यांत मोठा गोंधळ मात्र २० मे २०१८ ला झाला. देशभर नवं वेळापत्रक लागलं आणि जीटीआर व उत्तरेकडची नॉर्दर्न या दोन्ही सेवा कोसळल्या. कारण क्रमानं पाहण्यासारखं आहे. मँचेस्टरजवळच्या मार्गाचं विद्युतीकरण लांबलं. त्यामुळे नॉर्दर्नचं वेळापत्रक शेवटच्या घटकेला पुन्हा आखावं लागलं. वेळापत्रक आखणारी माणसं मर्यादित, त्यामुळे इतरांचीही कामं मागे पडली. एरवी वेळापत्रक बारा आठवडे आधी पक्कं होतं. त्या वर्षी ते उशिरा हाती आलं. ते नसल्यामुळे कोणत्या मोटरमनला कोणता मार्ग शिकवायचा हे ठरेना. वीस मे उजाडला तेव्हा मोटरमन होते, पण त्यांना तो मार्ग येत नव्हता. ओआरआरच्या चौकशीचा निष्कर्ष असा होता की नेटवर्क रेल, दोन्ही कंपन्या, परिवहन खातं आणि स्वतः ओआरआर, सगळ्यांकडून चुका झाल्या, आणि ‘हे थांबवा’ म्हणणारं कोणीच नव्हतं. प्रत्येकजण आपल्या कंत्राटापुरतं बघत होता.

परीक्षकच चुकला तर? २०१२ मध्ये वेस्ट कोस्ट मार्गाचा ठेका फर्स्टग्रुपला जाहीर करून सरकारला तो ऑक्टोबरात रद्द करावा लागला. कंपनीनं हमीपोटी किती रक्कम ठेवायची याचं गणित खात्याच्या अधिकाऱ्यांनीच चुकवलं होतं.

मुंबईशी असलेला धागा

हमीच्या ठेक्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेशी झालेल्या करारात भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि जमीन फुकट. खर्च कितीही झाला तरी पाच टक्के मिळणार म्हटल्यावर काटकसर करायला कंपनीला कारण उरलं नाही. तूट इथल्या महसुलातून भरली गेली. सरकारचे अभियंते कंपनीच्या कामांवर देखरेख करत, तरी कराराची रचनाच उलटी होती. १९०० मध्ये सरकारनं ती रेल्वे विकत घेतली, १९२५ मध्ये कारभारही हाती घेतला.

अलीकडचं उदाहरण वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोचं. करारात ९ ते १३ रुपये भाडं होतं. ८ जून २०१४ ला सेवा सुरू होतानाच कंपनी जास्त भाड्यावर अडली, कारण मेट्रो कायद्यानं सुरुवातीचं भाडं ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्या प्रशासनाला दिला होता. करार एक म्हणतो, कायदा दुसरं, आणि भांडण उच्च न्यायालयात. भाडं समितीनं सुचवलेले १० ते ११० रुपये डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द ठरवले. आपल्या लोकल मात्र रेल्वेच स्वतः चालवते. तरी सुरक्षेची तपासणी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. चालवणारा आणि तपासणारा वेगळा असावा, ही ती दक्षता.

ब्रिटनमध्ये हीच दक्षता आता कसोटीला लागली आहे. मार्च २०२० मध्ये करोनानं प्रवासी नाहीसे झाले आणि सरकारनं सगळ्या उत्पन्नाची जोखीम स्वतःकडे घेतली. जुनी फ्रँचायझी तिथेच संपली. नोव्हेंबर २०२४ च्या कायद्यानं ठेक्यांची मुदत संपेल तसतशा इंग्लंडमधल्या सेवा सरकारकडे घ्यायचं ठरवलं. स्कॉटरेल आणि वेल्सची सेवा त्याआधीच तिथल्या सरकारांनी घेतली होती. २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न, सी-टू-सी आणि ग्रेटर अँग्लिया आल्या. लंडन ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ लाइन मात्र अजून खासगी कंपन्या चालवतात, पण दुसऱ्या प्रकारच्या ठेक्यानं, आणि तिथे ते बरं चाललं आहे. कारण ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही शहराची वाहतूक संस्था गाड्यांची वारंवारता, स्थानकांची स्वच्छता, कर्मचाऱ्यांची हजेरी सगळं स्वतः ठरवते आणि रोज मोजते. जीटीआरच्या वेळी परिवहन खात्याकडे एवढी माणसं आणि एवढी माहिती नव्हती.

तिथे राहणाऱ्या वाचकांसाठी भरपाईचं थोडं. गंतव्य स्थानकावर १५ ते २९ मिनिटं उशिरा पोचलात तर बहुतेक सेवांवर एकेरी भाड्याच्या २५ टक्के, ३० ते ५९ मिनिटांना ५० टक्के, तासापुढे पूर्ण एकेरी, दोन तासांपुढे परतीचंही भाडं मिळतं. पंधरा मिनिटांची ही पायरी डिसेंबर २०१६ मध्ये जीटीआरपासूनच सुरू झाली. कारण काहीही असो, भरपाई मिळते. जोडगाडी चुकली तर शेवटच्या स्थानकावरचा उशीर धरतात. अर्ज ज्या कंपनीमुळे पहिला उशीर झाला तिच्याकडे करायचा. मुदत २८ दिवस. तिकिटाचा किंवा पासाचा फोटो ठेवा, सुटण्याची ठरलेली आणि पोचल्याची खरी वेळ लिहून ठेवा. अर्ज नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार, मग रेल लोकपालाकडे. ती सेवा फुकट आहे.

२५ मे २०२५ ला साउथ वेस्टर्न सरकारी झाली. पहाटे ५.३६ ला वोकिंगहून सुटणाऱ्या तिच्या पहिल्या सेवेत काही अंतर प्रवाशांना बसनं न्यावं लागलं, कारण मार्गावर आधीच ठरलेलं दुरुस्तीचं काम चालू होतं. रूळ नेटवर्क रेलचे, गाडी दुसऱ्या सरकारी कंपनीची, आणि दोघींचे हिशेब अजून वेगळे. ते एकत्र आणून ग्रेट ब्रिटिश रेल्वेज ही एकच संस्था करायचं सरकारनं ठरवलं आहे. तिच्या उशिराची मिनिटं कोण मोजणार आणि ती जाहीर करायचा अधिकार कोणाचा, हे तिच्या कायद्यातलं पहिलं वाचायचं कलम.